वार्षिक पाठाची तारीख

आज शाळेत बी.एड.च्या सराव पाठासाठी आलेल्या मुलीने तक्ता उलगडला. ताज्या डिंकाचा वास आला आणि मला माझा बी.एड.चा वार्षिक पाठ आठवला.

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. नापास झाले असते तर पुन्हा कोणी शिकू दिलं नसतं. परीक्षक तासाभरात येणार होते आणि सातवीच्या वर्गात पोरं चारच. दिवाळी सरली की गाव ऊसतोडीला निघतं, हे इथलीच असून तारीख मागून घेताना मी विसरले होते.

तक्ता बगलेत धरून मी वेशीकडे पळाले. ट्रॅक्टरमध्ये बिऱ्हाडं चढली होती, भांड्यांच्या मधे पोरं. सातवीतल्या पोरीला घेऊन बसलेल्या एका बाईपुढे मी हात जोडले. "मावशी, पोरगी तासभर ठेवा. न्हाईतर नापास होते मी."

"तासाभरानं तुजं भागंल बाई," ती म्हणाली. "सा म्हैने सांबाळतीस का? मंग उतरवते."

पोरगी दप्तर घेऊन उभी राहिली. मी घड्याळाकडे पाहिलं. ट्रॅक्टर निघाला.

चार पोरांवर पाठ घेऊन मी पास झाले. बाईने टोमणा मारला, असंच कितीतरी वर्षं वाटत होतं. ती खरंच विचारत होती.