सासऱ्यांच्या छकड्याची धाव

लग्न झालं तेव्हा माझ्याकडे गाडी नव्हती. विहिरीकाठच्या तुकड्यात वांगी आणि मिरच्या लावायच्या, पाट्या डोक्यावर घेऊन बेल्याच्या बाजारात उतरायचं, असं माझं चाललं होतं. कुणी दिलं नव्हतं आणि मागायची मला सवय नव्हती. बायको पैनगंगेपलीकडची. तेव्हा नदी म्हणजे दोन राज्यांची शीव, अलीकडे आमचा निजाम, पलीकडे इंग्रज. आमच्या लग्नातली भांडीसुद्धा करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या नाक्यावर उघडून दाखवावी लागली होती. पुढे निजामाचं राज्य गेलं, काही वर्षांनी नाकाही उठला, आणि मला पहिली आठवण झाली ती सासऱ्यांच्या छकड्याची. आता तो जकात न भरता अलीकडे आणता येणार होता.

सासऱ्यांना सौदा करता येत नसे. त्यांनी कळदार, म्हणजे इंग्रजी रुपयात किंमत सांगितली, मी तोच आकडा आमच्या निजामी, कमी मोलाच्या हाली शिक्क्यात धरला आणि तिथून खाली ओढायला लागलो. ते तोंड उघडायचे, तेवढ्यात मी छकड्याची नवी खोड काढायचो. शेवटी ते म्हणाले, "जवाईबापू, एक गोष्ट आयका."

"किमतीची असंल तर आयकतो मामाजी. नाही तर नाही."

त्यांनी माझ्याच आकड्याला मान हलवली. मीच जिंकलो होतो. त्याच संध्याकाळी बैल जुंपून नदीच्या उतारातून, म्हणजे उथळ पाण्यातून, छकडा घरी आणला, अंगणात चाकावर थाप मारली. दगडासारखं घट्ट.

चार दिवस उन्हात उभा राहिल्यावर तो बोलायला लागला. चैत्र संपत आला होता. चाकाचं लाकूड वाळून आकसलं आणि त्याच्यावरची लोखंडी पट्टी, म्हणजे धाव, खुळखुळायला लागली. बेल्याच्या रस्त्यावर उजव्या चाकाची धाव निसटून बाजूला पडली, छकडा कलंडला आणि माझी वांगी धुळीत गडगडली. तेव्हा कुठं डोक्यात प्रकाश पडला. लाकूड पाण्यानं फुगतं. नदीतून आलेलं चाक मी घट्ट समजलो होतो. ज्या माणसाला सौदा करता येत नाही म्हणून मी मनात हसत होतो, त्यानं मला ओलं चाक विकलं होतं.

घरी येऊन मी अंगणातच ओरडलो, "तुह्या बापानं जावयाले गंडवलं!" आजूबाजूच्या चार घरांनी ते ऐकलं.

बायकोला तेव्हा सातवा महिना होता. बऱ्याच वर्षांनी राहिलेलं पहिलंच. पहिलं बाळंतपण माहेरी असतं, आणि नदी भरायच्या आत तिला पलीकडे पोचवायला हवं होतं. ती शांतपणे भाकरी थापत होती. तवा उतरवून म्हणाली, "मले माहेरी नेसान तर याच छकड्यात."

"हा मोडका? मी शेजाऱ्याची गाडी आनतो."

"शेजाऱ्याच्या गाडीत गेली तर साऱ्या गावाले दिसंल का माह्या बाबाची गाडी खोटी होती. तुमी बोलून मोकळे झाले. आता दुरुस्त करा, नाही तर मी इथंच बाळंत होतो."

तिच्या आईशिवाय आमच्या घरी तिचं करायला कुणी बाई नव्हती. ती बोलली की करते, हे मला माहीत होतं. मी लोहाराकडे गेलो. त्यानं मजुरी सांगितली, मी निम्मी म्हणालो. तो म्हणाला लोखंड तापवायला कोळसा लागतो, मी म्हणालो कोळसा तर तुझाच आहे. मग तो ऐरणीपुढून उठला. "एवढं समजते तर घरीच बसवा ना पाटील." आणि खरंच परत वळेना. असं ते काम माझ्या अंगणात आलं.

तीन दिवस लागले. रॉकेलच्या डब्याचा पत्रा कापून त्याच्या पट्ट्या चाकाच्या लाकडी कडेवर ठोकल्या, म्हणजे वाळलेलं चाक तेवढं भरून निघेल. जमिनीवर गोवऱ्यांचं कडं रचलं, त्यात धाव ठेवून पेटवली. लोखंड तापलं की फुगतं, चाकावर उतरवून पाणी मारलं की आवळतं. ऐकायला सोपं आहे. एका बाजूनं सांडशी मी धरली, दुसऱ्या बाजूनं शेजाऱ्यानं. धाव चाकावर पडली आणि लाकडानं पेट घेतला. मी शेजाऱ्यावर ओरडलो, तो माझ्यावर ओरडला, पाण्याची घागर दोघांच्या मागे राहिली.

बायको ओसरीवर बसली होती. बसल्या जागेवरून तिनं आवाज दिला, "भांडन झालं असंल तर पानी टाका!"

पाणी टाकलं. वाफेत काही दिसेना. मग चाकातून कडकड आवाज आला, एकेक सांधा आवळत गेला, आणि धाव बसली. कड सगळी काळी पडली होती, पण हातोड्यानं ठोकली तर घंटेसारखी वाजली. मी ती पाच-सहा वेळा वाजवली. बायको म्हणाली, "आता देवळात टांगा."

डाव्या चाकाची धावही ढिली होती, पण पडत नव्हती. ते मी मुद्दाम तसंच ठेवलं, नुसतं दोरानं बांधलं.

"ते काऊन सोडलं?" तिनं विचारलं.

"तुह्या बापाले दाखवाले."

निघालो तेव्हा मी बैलांच्या बाजूनं चालत होतो, ती कडब्यावर गोधडी टाकून बसली होती. डावं चाक वाटभर खुळखुळत होतं आणि मला ते संगीत वाटत होतं. सासऱ्यांना काय काय बोलायचं ते मी मनात लावून ठेवलं. नदीला गुडघ्याच्या वर पाणी होतं. मधल्या वाळूत चाकं रुतली, बैल अडले, ते निघेपर्यंत बराच वेळ आम्ही पाण्यातच उभे. पलीकडच्या झाडाखाली भाकरी खाल्ली, ती जरा आडवी झाली.

सासऱ्यांच्या दारात छकडा उभा केला, लेक उतरली, पाणी-गूळ झालं. मी म्हणालो, "मामाजी, जरा भाईर या. तुमचं चाक पाहा." दोर सोडला आणि चार माणसांसमोर डाव्या चाकाला लाथ घातली.

काही हललं नाही. पुन्हा घातली. माझाच पाय दुखावला. धाव चाकाला अशी चिकटली होती, जशी कालच लोहारानं बसवली असावी. बायको पदर तोंडाला लावून भिंतीकडे वळली.

सासऱ्यांनी डाव्या चाकाकडे पाहिलंही नाही. ते उजव्या चाकाशी वाकले आणि जळक्या कडेवरून अंगठा फिरवत राहिले.

"हे कोनं केलं?"

"म्या."

"घरी?"

"घरी."

"चांगलं धरलं," ते म्हणाले. "पन येवढी आग काऊन लावली? उन्हाळाभर दर आयतवारी नदीत उभी करत होतो मी ही गाडी. तेच सांगाले तोंड उघडलं होतं त्या दिवशी. तुमी म्हनले, किमतीचं असंल तर आयकतो. हे तर फुकटचं होतं."

  सौदा व्हायच्या आधी विकणाऱ्यानं हात धरून सांगायला हवं होतं, हे माझं म्हणणं मी आजवर सोडलेलं नाही. पुढे राज्यांची वाटणी झाली, आमचं गाव आंध्रात गेलं, त्यांचं मुंबई राज्यात, आणि माझी तक्रार दोन्ही राज्यांत माहीत झाली. बायको म्हणे, नदीला विचारा.

त्या खेपेला ती माहेरी राहिली आणि मी दर रविवारी छकडा नदीवर न्यायला लागलो. पावसाळा लागला, चाकं आपोआप फुगली, नदी भरली, उतार बंद झाला. आता चाकं भिजवायची काही गरज नव्हती, हे मलाही कळत होतं. तरी मी जात होतो. अशाच एका रविवारी पलीकडच्या काठावर सासरे दिसले. डोक्यावर घोंगडी, दोन्ही हात तोंडापाशी.

"लेक झाली! दोघी बऱ्या हायेत!"

पाण्याच्या आवाजात मला पहिला शब्दच ऐकू आला. मी ओरडलो, "काय म्हनता मामाजी?"

"आता आयकून घ्या जवाईबापू! पुन्यांदा सांगनार नाही!"

सांगितलं त्यांनी. तीनदा सांगितलं. मी एकदाही मधे बोललो नाही.