डुकराच्या आतड्याला घातलेले टाके

एकाहत्तरच्या युद्धाच्या त्या हिवाळ्यात जबलपूरमधले सगळे कारखाने दुप्पट चालून राहिले होते. बाबा तोफगोळ्यांच्या तपासणीला होते. ते सकाळी जे जात, ते आम्हाला रविवारीच धड दिसत. खिडक्यांच्या काचांवर आईने काळे कागद चिकटवले होते आणि मी सर्जरीच्या वॉर्डात नवीन हाऊससर्जन होते. आम्ही पाच जण होतो, त्यात मुलगी मी एकटी. ऑपरेशनमध्ये आमचं काम एकच, रिट्रॅक्टर नावाचा लोखंडी आकडा ओढून पोट उघडं धरायचं आणि सर काय करतात ते त्यांच्या कोपराखालून बघायचं.

आमचे सर फौजेतून निवृत्त होऊन आलेले होते. एक दिवस राउंड संपल्यावर म्हणाले, "जखमी इकडे पाठवले, तर मला दहा हात लागतील. तुमचे हात तर अजून आकडाच धरून राहिले आहेत." मग ते आमच्याकडे एकेक करून बघू लागले. "गढ्यात कोण राहतं?"

गढा म्हणजे जबलपूरची एक जुनी वस्ती. मी तिथेच राहत होते.

"तुमच्याकडे डुकरं पाळतात ना? एक पाहून या. तब्येतीने चांगलं हवं."

डुकराचं आतडं माणसाच्या आतड्यासारखंच असतं, हे त्यांनी सांगितलं. डुकराचा भाव कसा करायचा हे मात्र नाही सांगितलं.

आमच्या गल्लीच्या टोकाला एक बाई डुकरं पाळायची. मी तिच्या दारात उभी राहिले तेव्हा तिला वाटलं, मी तक्रार करायला आले.

"ऑपरेशन के लिए चाहिए," मी म्हटलं.

"पर बीमार तो एक भी नहीं है, बिटिया!"

तिला समजवायला अर्धा तास लागला. शेवटी तिने एक तरुण नर दाखवला, काळा, एका कानाला खाच असलेला. तिची अट एकच होती. जनावर आमच्याकडे असेपर्यंत ती रोज येऊन बघणार.

त्याआधी आठवडाभर आम्ही खाटकाकडून आणलेल्या आतड्यांवर हात बसवला होता. टाके फार ओढले की आतडं चिरतं, सैल राहिले की जोड गळतो. जिवंत जनावर मात्र एकच होतं, म्हणून आतडं पूर्ण कापून जोडायचं काम कोणाला, याच्या चिठ्ठ्या टाकल्या. माझी निघाली. बाकी चौघांनी खरंच सुटकेचा श्वास सोडला.

ऑपरेशनच्या दिवशी डुकराने तीन हाऊससर्जन आडवे केले. चौथ्याने इंजेक्शन दिलं. मग भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी डुकराच्या तोंडावर ईथरचा मुखवटा धरला आणि तो घोरू लागला. सरांनी पोट उघडलं, आतड्याचं एक वेटोळं बाहेर काढलं आणि दोन चिमट्यांच्या मधून सरळ कापून टाकलं.

"चलो, जोडा."

आतडं गरम होतं आणि हलत होतं. खाटकाकडचं कधी हललं नव्हतं. आतली ओळ कॅटगटची, म्हणजे पोटातच विरघळणाऱ्या दोऱ्याची, बाहेरची रेशमाची. पहिले तीन टाके सरांनी कापून टाकले. चौथा ठेवला. मला घाम फुटला होता, नर्स पुसत होती आणि डुक्कर शांतपणे घोरत होता. शेवटी सरांनी आतड्यात सलाइन भरून जोड दाबून पाहिला. कुठे थेंब आला नाही.

"आता याला सांभाळायचं काम तुझंच," सर म्हणाले. "हा हगला, की समज जमलं."

कॉलेजच्या मागच्या शेडमध्ये त्याला ठेवलं. दोन दिवस खायला काही नाही, असा हुकूम होता. दुसऱ्याच दिवशी मालकीणबाई शिळ्या भाताची बादली घेऊन हजर. मी आडवी उभी राहिले.

"भूखा मार डालोगे का इसको?"

"अम्मा, पेट में टाँके हैं. खाएगा तो मर जाएगा."

तिने बादली खाली ठेवली आणि माझ्याकडे निरखून पाहिलं. "टाँके तुमने लगाए?"

"हो," मी मराठीतच बोलून गेले.

ती तिथेच बसून राहिली, त्याच्या कानामागे खाजवत. तिसऱ्या दिवशी आम्ही दोघींनी मिळून त्याला तांदळाची पेज पाजली.

घरी मी नुसतं "जनावर" सांगितलं होतं. पण गल्लीत काय लपतं? आई दारातच उभी होती. "काहून गं, डुक्कर होय?"

"हो."

"मागच्या दारानं ये. न्हाणीत पाणी काढून राहिली." मग जरा थांबून, "जगलं का?"

चौथ्या दिवशी सरांचा राउंड चालू असताना शेडवरचा चपराशी धावत आला आणि वॉर्डाच्या दारातून ओरडला, "मैडम, हो गया!" पेशंटांना वाटलं मॅडमकडे काही गोड बातमी आहे. सरांनी सगळ्यांसमोर माझ्याशी हात मिळवला.

पुढचं मला ठाऊक होतं, तरी नको होतं. जोड आतून कसा भरला हे बघायला पुन्हा पोट उघडायचं होतं आणि या वेळी त्याला उठवायचं नव्हतं. मालकीणबाईला हे मीच सांगितलं. ती म्हणाली, "हमारे यहाँ भी कटता ही, बिटिया. पर तुम बता के काट रही हो." आणि ती निघून गेली. जोड इतका छान भरला होता की सरांना बोटाने शोधावा लागला. मी बराच वेळ हात धूत राहिले.

जखमी आमच्याकडे आलेच नाहीत. थोड्याच दिवसांत लढाई संपली. आला तो नर्मदेपलीकडचा एक शेतकरी, बैलाने पोटात शिंग घातलेला. आतडं दोन जागी फाटलं होतं. सरांनी एक जागा शिवली आणि सुई माझ्या हातात दिली. माझा पहिला टाका त्यांनी कापला नाही.

त्याच्या उशाशी मी चार दिवस एकच प्रश्न विचारत राहिले. पाचव्या दिवशी तो लाजून हसला आणि त्याने भिंतीकडे तोंड केलं. त्याची बायको मात्र खणखणीत आवाजात म्हणाली, "हाँ हाँ, सुबह हो गया, अब इनको रोटी दे दो!"

टाके काढल्यावर ते दोघं बैलगाडीतून गावी गेले. बैल तोच होता का, हे विचारायचं राहून गेलं. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा आकडा धरून सरांच्या कोपराखाली उभी होते.