वाकले आणि ड्रोन कोसळला

लग्नाआधी मी सोलापुरात, सात रस्त्याजवळच्या एका स्टुडिओत काम करायचे. लग्नांत ड्रोन उडवायचे. वरात, मांडव, पंगती, सगळं वरून टिपायचं. नवरा मला अशाच एका लग्नात भेटला. माझा ड्रोन त्याच्या डोक्यावर जरा जास्तच वेळ रेंगाळला होता, असं तो अजून सांगतो. मी नाकारत नाही.

लग्न झालं आणि प्रश्न आला, हे काम पुढं चालू ठेवायचं का? आम्ही राहतो सोलापुरात, पण असल्या गोष्टींचा निकाल सासरी, मंगळवेढ्यातच लागतो. सासूबाई म्हणाल्या, सासऱ्यांना विचार. सासरे म्हणाले, वहिनीला विचारा. ही वहिनी म्हणजे त्यांची थोरली भावजय. आमच्याकडे सासूला आत्या म्हणतात, म्हणून या माझ्या थोरल्या आत्या. त्या म्हणाल्या, "बघू की." दिराच्या पुण्यातल्या नोकरीबद्दलही त्यांनी 'बघू की' म्हटलं होतं. तो अजून मंगळवेढ्यात खताचं दुकान चालवतो.

लग्नसराई तोंडावर आली होती आणि स्टुडिओच्या मालकाला हो की नाही कळवायचं होतं. मला त्या कामावाचून करमत नव्हतं. दुपारी भांडी घासतानासुद्धा माझे अंगठे आपोआप हलायचे.

मग मी एक बेत केला. जानेवारीत शेतावर हुरडा होता, सगळं घर येणार होतं. ड्रोन वर न्यायचा आणि थोरल्या आत्यांना त्यांचंच शेत आभाळातून दाखवायचं. सगळा जन्म त्या रानात गेलेला, पण वरून कधी पाहिलेलं नाही. बाई विरघळेल, असा माझा हिशेब होता.

एक गोष्ट मात्र मी धरली नव्हती, ती म्हणजे नमस्कार. बाकीच्या सासवा पाठीवर हात ठेवून मोकळ्या होतात. थोरल्या आत्या आशीर्वाद देतात तो सावकाश. आधी तुझा संसार, मग नवऱ्याची तब्येत, मग होणारी लेकरं, मग गुरं, शेवटी बोअरचं पाणी. तो संपेपर्यंत वर उठायचं नाही. एक चुलत जाऊ गुरांपाशीच उठली होती. पुढं त्यांची म्हैस आटली, तर त्याचं खापर अजून तिच्यावर फुटतं.

त्या दिवशी आगटी पेटली होती, शेंगदाण्याची चटणी निघाली होती. सासरे मचाणावर गोफण घेऊन पाखरं हाकत होते. मी बांधावर उभी, रिमोट गळ्यात, ड्रोन ज्वारीवर छान स्थिर. थोरल्या आत्या अजून गाडीतून उतरल्या नसतील असं मी धरून चालले होते. तेवढ्यात मागून खाकरल्याचा आवाज आला. वळले, तर लुगड्याचा काठ आणि त्याखाली दोन पावलं समोरच.

अंगाला सवय. मी वाकले.

आता त्या यंत्राची एक खोड सांगायला हवी. रिमोटवरच्या दोन्ही दांड्या अंगठ्यांनी खाली आणि आतल्या बाजूला ओढून धरल्या की मोटारी बंद होतात. माझ्या जुन्या ड्रोनला जमीन काय आणि हवा काय, सारखीच. फक्त काही क्षण तसंच धरून ठेवावं लागतं. हातात रिमोट घेऊन वाकताना माझ्या अंगठ्यांनी आपल्या परीनं हात जोडले, म्हणजे पोटाकडं आणि एकमेकांकडं ओढले गेले. दुसऱ्या कुठल्या सासूपुढं काही बिघडलं नसतं. इथं आशीर्वाद चालू होता.

आशीर्वाद लेकरांपर्यंत आला आणि आभाळातली ड्रोनची गुणगुण थांबली.

मग ज्वारीत धप्प. शेतातली सगळी पाखरं एकदम उठली आणि शेजाऱ्याच्या रानात गेली. "सकाळपासनं गोफणीनं जमलं न्हाय ते झालं बगा," मचाणावरून सासरे म्हणाले. बाकी कुणी हसलं नाही.

नवरा ज्वारीच्या ताटांतून धावला आणि ड्रोन घेऊन आला. एक पातं तुटलं होतं, बाकी काळ्या मातीनं सांभाळलं होतं.

"का पडलं गं?" थोरल्या आत्यांनी विचारलं.

बॅटरी संपली म्हणावं, तर हे असलं बेभरवशाचं यंत्र घेऊन कोण सुनेला लोकांच्या लग्नात पाठवील? आणि खरं सांगावं, तर त्यांच्या आशीर्वादानं पडलं असं तोंडावर म्हटल्यासारखं. नवरा मागून खुणेनं बॅटरी, बॅटरी म्हणत होता. मला मात्र माझ्या यंत्राची बदनामी सोसवेना. मी अंगठे दाखवून सगळं सांगितलं.

"म्हंजी माज्या पाया पडलीस म्हणून?"

"हो, आत्या."

सासूबाईंनी डोक्यावरचा पदर पुढं ओढला. आगटीतली कणसं करपायला लागली होती, पण कुणी हललं नाही. थोरल्या आत्यांनी ड्रोन हातात घेतला, कोंबडीचं पिलू धरावं तसा, आणि उलटा करून पाहिला.

"लग्नात म्हातारी मानसं लई असत्यात," त्या म्हणाल्या. "समद्यांच्या म्होरं वाकत बसलीस तर रोज एक पाडशील. ह्ये वर असलं की वाकायचं न्हाय. कुनी तोंड वाकडं केलं तर सांग, थोरल्या आत्यांनी सांगितलंया."

मी मान हलवली. त्या 'लग्नात' म्हणाल्या, हे ध्यानात यायला मला थोडा वेळ लागला. नवऱ्याला माझ्या आधी कळलं होतं. तो करपलेली कणसं खुशाल खात होता.

त्या आज्ञेचा मी पुरेपूर फायदा घेतला. लग्नात एखादी दूरची मावशी पावलं पुढं सरकवून उभी राहिली की मी नुसतं बोट आभाळाकडं दाखवते.

परवा दिराच्या मुलाचं जावळ होतं. मंगळवेढ्याच्या अंगणात मी ड्रोन वर चढवला होता आणि थोरल्या आत्या आल्या. सगळ्या सुना वाकल्या. आत्यांनी माझ्याकडं पाहिलं, मग वर पाहिलं आणि उन्हातच बाजूला उभ्या राहिल्या. कुणासाठी कधी न थांबलेली बाई. कुणी खुर्ची आणली, ती त्यांनी हातानंच परत पाठवली.

बॅटरी बरीच शिल्लक होती, मजाही वाटत होती. पण डोळ्यांवर हात धरून उभ्या असलेल्या त्यांच्याकडं मला बघवेना. मी ड्रोन उतरवला, रिमोट खाली ठेवला.

"उतरलं का?"

"उतरलं, आत्या."

त्यांनी पावलं पुढं केली. मी वाकले. आशीर्वाद पहिल्यापासून सुरू झाला, आणि या वेळी बोअरच्या पाण्यानंतर त्यांनी ड्रोनचंही नाव घेतलं.