साडूभाऊंचा तिसरा नियम

घेतलेली वस्तू जिथल्या तिथे आणि जशी होती तशी परत ठेवण्याच्या बाबतीत माझ्या साडूंची बरोबरी करील असा माणूस वणीपासून यवतमाळपर्यंत मी पाहिलेला नाही. पुढे पाहीन अशी आशाही नाही. आमच्याकडे जेवायला आले की उकाड्यामुळे ते पंखा दोनवरून चारवर नेतात आणि निघताना, आम्ही सगळे घामाघूम बसलेलो असताना, तो पुन्हा दोनवर आणून मगच चपला घालतात. बाभुळगावच्या एका लग्नात कानठळ्या बसवणारा कर्णा त्यांनी जेवणाच्या पंगतीपुरता हळू केला. पंगत उठल्यावर लोक नको म्हणून हात जोडत असताना त्यांनी तो पुन्हा होता तेवढा मोठा केला. माझी मेहुणी त्या दिवशी मंडपातच म्हणाली, "कायले केला जी परत मोठा?" साडूभाऊ शांतपणे म्हणाले, "आवाज आपला नाही. सामाईक आहे. आपण फक्त घेतलता."

या वेडाचे मूळ त्यांच्या एडिटरमध्ये आहे. खाणीच्या कार्यालयात संगणक सांभाळून निवृत्त झाल्यावर साडूभाऊंनी मजकूर लिहिण्याचा स्वतःचा एडिटर तयार केला. मी आयुष्यभर शाळेत गणित शिकवले असल्याने मला तो समजलाच पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता आणि तो त्यांनी पुरा करून घेतला. वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. संगणकाच्या अशा प्रोग्राममध्ये शेकडो लहान लहान कामगार असतात: एक अक्षर उमटवतो, एक शोधतो, एक खोडतो. प्रत्येकाची स्वतःची सामग्री असते; पण काही गोष्टी सगळ्यांच्या मिळून एकच असतात. उदाहरणार्थ, सध्या लिहिणे कोणत्या कागदावर चालू आहे, ही नोंद. ती एकाने बदलली की सगळ्यांसाठी बदलते. अशा प्रत्येक सामाईक नोंदीच्या नावाआधी साडूभाऊ 'विहीर' हा शब्द लावत, कारण त्यांच्या वडिलांच्या शेतात चार भावांची मिळून एकच विहीर होती. टेबलासमोरच्या भिंतीवर त्यांनी पुठ्ठ्यावर नियम लिहून टांगले होते. पहिला: विहिरीला विहीरच म्हणावे, म्हणजे हात घालणाऱ्याला भान राहते. दुसरा: प्रत्येक विहिरीला एक धनी असावा. तिसरा, लाल शाईत: धन्याशिवाय कोणी बदल केलाच, तर आधी जुनी स्थिती लिहून घ्यावी आणि जाण्यापूर्वी ती परत ठेवावी.

"एवढ्या सोप्या गोष्टीला तीन नियम?" मी एकदा विचारले.

"गुरुजी, सोपी हाय म्हणूनच लोक इसरतात," ते म्हणाले. "कठीण असती तं पाठ केली असती."

हा एडिटर मोजून सहा माणसे वापरत. त्यांतल्या एक म्हणजे पांढरकवड्याच्या पलीकडे कोलाम आदिवासींच्या एका पोडावर, म्हणजे वस्तीवर, शिकवणाऱ्या बाई. त्या मूळच्या त्याच पोडावरच्या. म्हाताऱ्या बायकांच्या तोंडून एकेक कोलामी शब्द गोळा करत त्यांनी शब्दसंग्रह लिहीत आणला होता. शब्द सांगणाऱ्यांपैकी काही जणी आता हयात नव्हत्या. त्यांचे शब्द त्या एका फाइलमध्येच उरले होते. छपाईला द्यायला तीन दिवस राहिले असताना बाई लॅपटॉप घेऊन साडूभाऊंच्या दारात उभ्या राहिल्या. मी तिथेच होतो.

"काका, माझ्या प्रस्तावनेतली वाक्यं शब्दांच्या मधात जाऊन पडून राह्यली. कुठं कुठं पडली, मले माहीत नाही. अशी फाइल मी छापाले कशी देऊ?"

"माऊस हालला असंन, बाई."

"नाही हालला."

"तं मग खिडकी बदलली असंन तुमी. एडिटर असं करत नाही. नियम हायेत त्याले."

बाईंनी पिशवीतून वही काढून पुढे ठेवली. दोन दिवस त्यांनी प्रत्येक वेळेची नोंद केली होती. प्रस्तावना लिहिताना एखादा शब्द संग्रहात आला आहे का, हे त्या शोधून पाहत. शब्द सापडला तर सगळे ठीक. शब्द सापडला नाही, तर पुढचे वाक्य संग्रहात. अकरापैकी अकरा वेळा. इतकी नीट वही मी माझ्या विद्यार्थ्यांकडून क्वचितच पाहिली असेल.

साडूभाऊंचा चेहरा उतरला. त्यांनी शोधणाऱ्या कामगाराचा कोड उघडला आणि बोट ठेवून मोठ्याने वाचू लागले. "चालू कागदाची जुनी नोंद घेतली. बरोबर. नोंद संग्रहावर नेली. बरोबर. शब्द शोधला. सापडला, तं जुनी नोंद परत ठेवली. बरोबर. नाही सापडला, तं..." बोट थांबले. "तं परत फिरला. तसाच! रिकाम्या हातानं निंगून गेला लेकाचा, काहीच न ठेवता!"

"कोणी लिहिलं हे?" बाईंनी विचारले.

"मीच जी. अजून कोण लिहिन?" त्यांनी कपाळावर हात मारला. "तुमाले उगीच बोललो, बाई. चूक माही."

पुढचे काही तास मी विसरणार नाही. कामगार कोणत्याही वाटेने बाहेर पडो, शब्द सापडो वा न सापडो, दारातच जुनी नोंद परत ठेवली जाईल अशी रचना त्यांनी केली. मग सगळा कोड पालथा घातला. अशाच आणखी दोन पळवाटा निघाल्या, त्याही बुजवल्या. बाईंनी आणि मी वहीच्या आधाराने संग्रहात शिरलेली वाक्ये एकेक करून वेचली. शेवटी परीक्षा. सापडणारच नाही असा शब्द हवा होता.

"माहं नाव टाका," साडूभाऊ म्हणाले. "थ्या संग्रहात माहं काय काम?"

नाव सापडले नाही. बाईंनी पुढचे वाक्य लिहिले आणि ते प्रस्तावनेतच, आपल्या जागी, उमटले. पुन्हा केले. दहा वेळा केले. दहाव्या वेळी साडूभाऊ खुर्चीवरून असे उठले की खुर्ची मागे पडली. "जमलं!" ते ओरडले. "गुरुजी, जमलं! माही शाळा घेतली बाईनं!" मेहुणी धावत बाहेर आली आणि सगळ्यांना पोहे मिळाले.

पुस्तक वेळेवर छापले गेले. पोडावरच्या शाळेच्या ओट्यावर बाईंनी त्यातले शब्द आणि प्रत्येक शब्द देणारीचे नाव वाचून दाखवले. मागच्या रांगेतून एका फार म्हाताऱ्या आजीने एक शब्द मधेच थांबवला, स्वतः म्हणून दाखवला आणि मान हलवली. उच्चार थोडा वेगळा होता. साडूभाऊ पेन काढून तिच्याजवळ जाऊन बसले, तो शब्द तिच्याकडून तीनदा वदवून घेतला आणि लिहिला.

"आता तं छापून झालं, काका," बाई म्हणाल्या.

"दुसऱ्या आवृत्तीत टाकू."

आजीला मराठी येत होती. ती हसली. "कवा येते तुही दुसरी?"

तिचा सुरकुतलेला हात साडूभाऊंनी क्षणभर हातात घेतला.

"लवकर आणतो, माय," ते म्हणाले, आणि पेनाचे टोपण न लावताच विचारले, "अजून कोणते शब्द हायेत तुह्याजवळ?"