गोल कोणाच्या नावावर

फुटबॉलमध्ये सत्य एकच असतं, आणि ते म्हणजे गोल. स्ट्रायकर किती धावला, किती घामाघूम झाला, याला इतिहासात जागा नाही. जाळ्यात बॉल किती वेळा गेला, एवढंच उरतं. हे मी आमच्या क्लबच्या वार्षिक बैठकीत उभं राहून म्हटलं आणि टाळ्या पडल्या. पोहे अजून यायचे होते आणि आमच्या मैदानावर जाळंच नाही, या दोन गोष्टींकडे तेव्हा कोणाचं लक्ष नव्हतं.

क्लब म्हणजे इंदूरबाहेर हातोदच्या रस्त्यावरचं एक मैदान आणि रविवारी सकाळी तिथे जमणारे, पस्तिशी ओलांडलेले वीस-बावीस नोकरदार. दम्यामुळे माझं खेळणं सुटलं तेव्हा मी रजिस्टर हाती घेतलं. गेटजवळच्या कडुलिंबाखाली खुर्ची टाकायची आणि कोणी गोल मारला ते लिहायचं. वर्षअखेरीस मी टक्केवारी काढली, रंगीत आलेख केला. कॉलेजात सांख्यिकी शिकवून जो मान मला कधी मिळाला नाही, तो त्या आलेखाने एका सकाळी मिळवून दिला.

आलेख हवा होता तो महूच्या संघाशी होणाऱ्या सामन्यासाठी. सामना दरवर्षी इंदूरलाच व्हायचा, यंदा पहिल्यांदा महूत होता. पुढे एकच स्ट्रायकर खेळवायचा होता आणि दावेदार दोन. एक आमचा नेहमीचा, विमा कंपनीतला. वय चव्वेचाळीस, उजवा गुडघा कामातून गेलेला, डॉक्टरांनी ‘हा शेवटचा सीझन’ म्हणून बजावलेलं. तो मूळ महूचा. फौजेतून निवृत्त झालेले वडील तिथेच राहतात. त्यांनी मुलाला खेळताना एकदाही पाहिलं नव्हतं: तो शाळेत खेळायचा तेव्हा ते सीमेवर, आणि ते परतले तेव्हा हा इंदूरला नोकरीत. यंदा ते येणार होते. दुसरा दावेदार बँकेतला, उजव्या बाजूने पळणारा, सडपातळ आणि अतिशय सभ्य माणूस.

आलेखात बँकवाल्याचे गोल एकतीस होते, विमावाल्याचे नऊ.

“एकतीस? मी?” बँकवाला म्हणाला. “अहो सर, काहीतरी गडबड आहे.”

हा विनय समजला गेला.

“भावना वेगळी, डेटा वेगळा,” अध्यक्षजी म्हणाले. ते प्रत्येक बैठकीला जाकीट घालून येतात आणि सगळ्यांना इंदुरी थाटात ‘भिया’ म्हणतात. “रजिस्टर बोल रहा है, भिया. आपण कोण मध्ये पडणार?”

विमावाला एवढंच म्हणाला, “रजिस्टरमध्ये असेल तर असेल.” आणि पोह्यांवर शेव घालत बसला. वर्षभर त्याला गोल मारताना स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले वीस लोक माना डोलवत होते. एकविसावा मी.

पुढच्या रविवारी गेटजवळ कोणाच्या तरी लग्नाचा मांडव उभा राहिला, म्हणून मी खुर्ची गोलच्या खांबाजवळ नेली. खांबांमागे उतार आहे आणि खाली नाला. आमचा जुना नियम: ज्याने मारला त्यानेच बॉल आणायचा. कडुलिंबाखालून मला गोलसमोर नुसती गर्दी दिसायची, म्हणून नाल्यातून बॉल घेऊन जो वर येईल त्याचं नाव मी लिहीत असे. पद्धत बिनचूक होती.

त्या दिवशी विमावाल्याने दोघांना चकवून डाव्या पायाने असा फटका हाणला की मी खुर्चीतून उठलो. मग तो गुडघा धरून वाकला. आणि बँकवाला उतारावरून खाली पळत गेला, बॉल घेऊन वर आला.

“तुम्ही का गेलात?” मी विचारलं.

“भियाला उतार झेपत नाही ना आता. मी पटकन जाऊन येतो.”

“दर वेळी?”

“दर वेळी. गुडघा गेल्यापासून. त्यात काय एवढं?”

संध्याकाळी मी अध्यक्षजींना फोन केला. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. “सर, यादी महूला गेली. तुमचा चार्ट मी फ्रेम करून भिंतीवर लावलाय. आता राहू द्या ना.” आणि मी राहू दिलं. सहा दिवस. आलेख खरोखर देखणा झाला होता.

महूच्या मैदानावर वडील वेळेआधी येऊन बसले होते. इस्त्रीचा पांढरा शर्ट, पाठ ताठ. मी शेजारी बसलो.

“आमचा कुठे दिसत नाही,” ते म्हणाले.

“बेंचवर आहे, बाबा.”

“का? खेळत नाही चांगला?”

मी शाळकरी पोरासारखा उठलो. हाफटाइमला आम्ही एक-शून्यने मागे होतो. सगळे घोळक्यात पाणी पीत होते. तिथे जाऊन मी मोठ्याने सांगितलं की रजिस्टरमध्ये गोल मारणाऱ्याचं नाही, बॉल आणणाऱ्याचं नाव आहे, आणि ते मी लिहिलंय.

मग गोलकीपर म्हणाला, “म्हणजे सर, वर्षभर तुम्ही नाला मोजत होता?”

“मी म्हटलं होतं ना गडबड आहे!” बँकवाला आनंदाने ओरडला आणि तिथल्या तिथे जर्सी काढून विमावाल्याच्या हातात कोंबली. “जा भिया, जा! बाबा बसलेत तिकडे.” अध्यक्षजींनी प्रक्रियेबद्दल काही सांगायला तोंड उघडलं, पण तोवर विमावाला मैदानात पोचला होता.

पुढची वीस मिनिटं माझा दमा कुठे गेला मला माहीत नाही. मी रेषेवरून पळत होतो. एक फटका खांबाला लागला, एक गोलकीपरच्या बोटांना. महूवाल्यांनी मध्येच आणखी एक गोल केला, तिकडे मी पाहिलंसुद्धा नाही. आणि मग उजवीकडून लांब बॉल आला, विमावाल्याने तो छातीवर घेतला, एकाला मागे टाकलं, दुसऱ्याला बसवलं आणि डाव्या पायाने थेट वरच्या कोपऱ्यात! इथे जाळं होतं. ते फुगलेलं मी पाहिलं. आम्ही सगळे एकमेकांच्या अंगावर पडलो. मी अध्यक्षजींना मिठी मारली. तो दोन्ही हात वर करून, लंगडत, थेट वडिलांकडे निघाला.

वडील उभे राहिले होते. डोळे भरलेले. शेजारच्या अनोळखी माणसाच्या खांद्यावर हात ठेवून ते म्हणाले, “हा माझा मुलगा.” मग लाइनमनच्या वर गेलेल्या झेंड्याकडे बोट दाखवलं. “ऑफसाइड होता.”

ऑफसाइडच होता. सामना आम्ही दोन-शून्यने हरलो.