पुंजाजींच्या न्हाणीतली पावलं

माझे मोठेबाबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ पुंजाजी, अकोल्याच्या डेपोतून एसटीचे ड्रायव्हर म्हणून निवृत्त झाले. नोकरी सुटली, पण एसटी त्यांच्या तोंडातून उतरली नाही. कंडक्टरनं दोनदा घंटा वाजवली की बस सुटते, तसे ते कुठलंही काम सुरू करताना मोठ्यानं "डबल बेल!" म्हणतात. अगदी जेवायला बसतानाही.

या उन्हाळ्यात मोठ्याईच्या, म्हणजे त्यांच्या पत्नी भागीरथाबाईंच्या, गुडघ्याचं ऑपरेशन झालं. ती अमरावतीला लेकीकडे राहायला गेली आणि तिथल्या कोरड्या, उजेडाच्या बाथरूमची तिला गोडी लागली. घरी यायचा विषय निघाला तेव्हा तिनं फोनवरच सुनावलं, "तुमच्या त्या न्हानीत मी पाय टाकत नाही. एकदा पडली, तितकं पुरे. आता पडली तं सारं ऑपरेशन पान्यात. मी अठीच राह्यतो."

त्या संध्याकाळी मोठेबाबा आमच्याकडे आले. चहाचा कप अर्धाच ठेवून बाजूला सारला. मग मला म्हणाले, "तू सिव्हिलचा डिप्लोमा केला ना व पोरी? मंग न्हानीचं सांग. फोडाफोडी नाही करायची. रंगानं काम झालं पायजे."

न्हाणी पाहिली. आमच्याकडच्या बोअरचं पाणी खारं. भिंतींना पांढरे पोपडे आलेले, खाली सिमेंटचा कोबा शेवाळानं बुळबुळीत. मोठेबाबांच्या हातात ब्रश तयारच होता.

"थांबा. आधी सगळं खरवडायचं, धुवायचं, वाळू द्यायचं. मग प्रायमर."

"पोपड्यावरूनच एक हात मारला तं काय होते?"

"पोपडा रंग घेऊन खाली येतो."

त्यांनी ब्रश खाली ठेवला. "म्हंजे पह्यले वर्कशॉप, मंग रूट. असं सांग ना!"

जुना खाकी शर्ट घालून त्यांनी पत्र्याच्या तुकड्यानं भिंती खरवडल्या. पिठाच्या गिरणीतून आल्यासारखे पांढरे होऊन बाहेर यायचे, पाणी प्यायचे, पुन्हा आत. भिंतींना त्यांनी फिका पिवळा रंग निवडला, खाली तांबडा. फरशीच्या रंगात मी चाळलेली बारीक वाळू मिसळली, तेव्हा मात्र ते खूश झाले. "टायरले नवी ग्रिप!"

शनिवारी संध्याकाळी शेवटचा हात झाला. दोन दिवस आत कुणी जायचं नाही, असं मी बजावलं. धूळ बसू नये म्हणून झरोक्याला वर्तमानपत्र चिकटवलं. रविवारी सकाळी मोठेबाबा अमरावतीला निघाले. मोठ्याईनं नुसतं पाहून जायचं कबूल केलं होतं. जावई किशोरराव तिला गाडीनं आणणार आणि संध्याकाळी परत नेणार होते.

निघताना मोठेबाबांनी घराला कुलूप लावलं आणि किल्ली शेजारच्या आयशाबीला दिली. आमच्या गल्लीत नळ कोणत्या दिवशी येईल ते कुणालाच माहीत नसतं. म्हणून घर सोडताना किल्ली शेजारी द्यायची, नळ आला की शेजारणीनं आपलंही पाणी भरायचं, ही रीतच आहे. त्यांचा हात सवयीनं पुढे झाला. रंगाचं सांगायचं राहिलं.

दुपारी गल्लीत आरोळी उठली, "नळ आलेऽ!" पाठोपाठ आयशाबीची हाक, "आरती! धाव व माय!"

मी धावले. आयशाबी अंगणात, हातात पाइप, दोन्ही पायांचे तळवे लालभडक.

"ड्रम न्हानीतच असते ना नेहमी! आत अंधार, मी गेली सरळ. पायाले चिकचिक लागलं तवा समजलं."

"काकू, मेंदी लावल्यासारखे दिसतात पाय."

"हास, हास! तुह्या मोठेबाबाले काय सांगू आता?"

ड्रम अंगणात काढून ठेवला होता, तो आम्ही भरला. तोवर गाडी दारात आली.

मोठ्याई काठी टेकत उतरली. हातात औषधांची पिशवी तेवढी. मोठेबाबांनी ऐटीत न्हाणीचं दार उघडलं, झरोक्यावरचा कागद ओढला आणि उंबऱ्यावरच मटकन बसले. तांबड्या फरशीवर दारापासून कोपऱ्यापर्यंत आणि परत, आयशाबीची पावलं.

"झालं," ते म्हणाले. "डेपोतून निघाली नाही तं गाडी फेल."

मोठ्याई वाकून पाहत होती. पिवळ्या भिंतीकडे नाही, पावलांकडे.

"आयशा, तू चालत गेली का धावत?"

"धावत, भाभी. नळ आल्यावर कोन चालते?"

"पाय सरकला?"

"सरकते कुठचा! चिकटला!"

मोठ्याईनं काठीच्या टोकानं हवेतच एकेक पाऊल मोजल्यासारखं केलं. घसरल्याचा एकही फराटा नव्हता. सगळी पावलं टाच-बोटांसकट नीट उमटलेली.

"ओल्या रंगावर धावली तरी हे पडली नाही," ती म्हणाली. "मंग मी काहून पडन?" आणि जावयाकडे वळून, "किशोरराव, माही पेटी उद्याच्या एसटीनं पाठवून द्या."

मोठेबाबा टुणकन उठले. "पोरी, परवा आनखी एक हात मारू. हे पावलं बुजवून टाकू."

"काही बुजवू नका," मोठ्याई म्हणाली. "राहू द्या, मले पाय ठेवाले कामी येतीन. पन वाळेलोक आंघोळ कुठी करायची?"

"माह्या घरी," आयशाबी पाय घासता घासता म्हणाली. "आन् किल्ली माह्याजवळच राहू द्या. नळाचा काही भरोसा नाही."