मिस्त्रीसमोर शहाणी होणारी गाडी

ग्वाल्हेरच्या कंपू भागातल्या दवाखान्यातून वहिनीचा फोन आला, तेव्हा मी दादावर चिडलेलीच होते. आदल्याच दिवशी त्याने आमचं साताऱ्याकडे जाणं पुन्हा पुढे ढकललं होतं. "गाडी ठीक झाली की निघू, बेबी." आणि आता वहिनी रडत सांगत होती, दादा गेला... हार्ट अटॅक. काही आठवडे उलटले, तरी माझी ती चीड गेलेली नाही.

आमचे पूर्वज फौजेबरोबर दक्षिणेतून ग्वाल्हेरला आले. साताऱ्याकडचं ते मूळ गाव आमच्यापैकी कोणीच पाहिलेलं नाही. निवृत्तीनंतर आम्हा दोघा भावंडांना ते बघायचं होतं, आणि दादाला तिथे आपल्या जुन्या टर्बो डिझेल गाडीनेच जायचं होतं. शहरात ती छान चाले. पण हायवेवर ट्रकला ओव्हरटेक करायला जोरात अ‍ॅक्सिलरेटर दाबला, की धापा टाकू लागे. मागे काळा धूर, आणि झाशी रोडला एकदा तर समोरून बस! तेव्हापासून दादाने ठरवलं, दोष सापडल्याशिवाय लांब जायचं नाही.

पण तो सापडणार कसा? गॅरेजचा मिस्त्री शेजारी बसला, की दादा बाळंतिणीला घरी आणावं तशी गाडी चालवी. मागच्यांना खिडकीतून हात काढून "पुढे जा" म्हणे. "दादा, दाब ना रे जोरात!" मी मागच्या सीटवरून ओरडे. "अगं, पराया माणूस बसलाय. त्याला कशाला डरवायचं?" मी चालवते म्हटलं, तर "तू बस आरामात." मिस्त्री उतरताना सांगे, "साहब, गाड़ी तो मक्खन चल रही है." मग नुसत्या अंदाजाने कधी डिझेल फिल्टर बदलायचा, कधी टर्बो उघडायचा. मी कपाळ बडवून घेई.

नोकरीतही हेच. त्याची बँक दुसऱ्या बँकेत विलीन झाली, सिटी सेंटर भागातल्या दोन शाखांची एक झाली आणि एका खुर्चीला दोन मॅनेजर उरले. सीनियर दादा. पण समोरच्याला म्हणाला, "पहले आप बैठिए." तो जो बसला, तो उठलाच नाही! दादा निवृत्त होईपर्यंत कोपऱ्यातल्या टेबलावर. मी भांडले, की हा हसून चहा मागवायचा.

तेराव्यानंतर वहिनीने किल्ली माझ्या हातात दिली. त्याच मिस्त्रीला शेजारी बसवून मी झाशी रोडला आले आणि अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबला. "मैडम, धीरे!" त्याने डॅशबोर्डच धरला. गाडी गळाली, आणि बॉनेटखालून फुस्स आवाज आला. टर्बोची हवा इंजिनाकडे नेणारा रबरी पाइप खालून चिरला होता. हळू चालवली की चीर मिटलेली, जोर पडला की उघडायची आणि हवा बाहेर. "साहब ने कभी दबाया ही नहीं," मिस्त्री हळूच म्हणाला. एवढ्याशा चिरेपायी आमचं गाव राहिलं... मी रस्त्याच्या कडेला उभी राहून रडले.

नवा पाइप बसला. पुढच्या महिन्यात मी आणि वहिनी निघणार आहोत. परवा जरा हात बसावा म्हणून हायवेला गाडी काढली. रस्ता मोकळा, गाडीत दम. मागून एका ट्रकने हॉर्न दिला, आणि माझा हात आपसूक खिडकीबाहेर गेला... पुढे जा. ट्रक निघून गेला. मग मी रिकाम्या गाडीत ओरडले, "दादा, दाब ना रे जोरात!"